नाकवाल्यांचा दावा

रविवार, २ मार्च

दादा,

मागच्या पत्रात मी एक वाक्य चुकीचं लिहिलं. 'बाबा आता पूर्वीसारखे कामावर जातात.' त्यातलं 'कामावर जातात' बरोबर आहे. 'पूर्वीसारखे' हे मी न तपासता लिहिलं. दिवसभर छापखान्यात औषधांच्या खोक्यांवरचा मजकूर तपासणाऱ्या, एका शून्यासाठी तीनदा मागे जाणाऱ्या मुलीला हे शोभत नाही. शिवाय त्याच वाक्यावर विसंबून तू कळवलंस, 'मग विमा कंपनी देते ते घ्या आणि मिटवा.' म्हणून आधी ही दुरुस्ती. मिटवायचं की नाही, ते अजून ठरलेलं नाही.

काल मी वकीलबाईंकडे गेले होते. चष्म्याच्या दुकानाच्या वर त्यांचं ऑफिस आहे, जिन्यात काच घासल्याचा आवाज येतो. सगळं पाठ करून गेले होते. जूनमध्ये मागून टेम्पोने धडक दिली. दुचाकी माझा भाऊ (म्हणजे तू) चालवत होता, बाबा मागे बसले होते. डोक्याची मागची बाजू कठड्यावर आपटली. जखम भरली, बाबा डेअरीत परत रुजू झाले, पगार तोच. टेम्पोच्या विमा कंपनीने तडजोडीचा कागद पाठवला आहे, त्यावर मार्चअखेरपर्यंत सही हवी आहे. घरात कागद आला की तो माझ्याकडेच येतो, हे तुला माहीत आहे. आई तर किराण्याची पावतीसुद्धा 'वाच गं, काही धमकी नाही ना' म्हणून देते.

"रक्कम ठरते कशी?" मी विचारलं. मला वाटायचं, कुठेतरी एक तक्ता असेल. हाताचे इतके, पायाचे इतके.

"तक्ता आहे, पण तो फार पुढे येतो," त्या म्हणाल्या. "आधी बघायचं खर्च काय झाला. मग बघायचं कमाई किती बुडाली, आणि पुढे किती बुडणार. त्यासाठी वय लागतं, कारण तिशीतल्या माणसापुढे कामाची वर्षं जास्त असतात. मग डॉक्टर सांगतात, शरीराचं इतके टक्के नुकसान. पण ते टक्के शरीराचे झाले. कामाचे टक्के वेगळे. शिंप्याचं बोट गेलं आणि पहारेकऱ्याचं बोट गेलं, तर बोट सारखंच, पण नुकसान सारखं आहे का?"

मला हे इतकं आवडलं की मी कशासाठी आले तेच विसरले. छापखान्यातल्या एकेकाचं मनात सुरू झालं. कंपोझिटरचे डोळे, मशीनवाल्याचे कान, माझी मान.

"वडिलांचं काम काय?" त्यांनी विचारलं.

"डेअरीत दूध घेताना कॅनचं झाकण उघडून वास घेतात. चांगलं असेल तर घ्यायचं, नाहीतर परत. सगळे त्यांना नाकवाले म्हणतात."

"आणि नाक कसं आहे?"

"ठीक आहे," मी म्हणाले.

जिना उतरताना माझी पावलं अडली. ठीक आहे, हे मला कोणी सांगितलं होतं? मी न बघताच बरोबरची खूण केली होती. गेल्या महिन्यात दूध करपून भांडं काळं झालं तेव्हा बाबा ओट्याजवळच पेपरातले फोटो बघत बसले होते. आईने आरडाओरडा केला तर म्हणाले, "लक्ष नव्हतं." ज्या माणसाला शेजारच्यांचं दूध कधी लागलं ते आपल्या घरात कळायचं!

वकीलबाई आणखी एक म्हणाल्या, ते तुला मुद्दाम कळवते. गाडी चालवणाऱ्याची थोडी चूक निघाली, तरी मागे बसलेल्या माणसाच्या रकमेतून ती कापली जात नाही. तू आपली चूक या हिशोबात धरून बसला असशील तर सोडून दे.

तुझी,
शंकासूर

शुक्रवार, ७ मार्च

दादा,

मी एक वाईट काम केलं. आईला विचारून केलं, म्हणून अर्धं वाईट. मंगळवारी बाबांच्या सदऱ्याच्या खिशात डांबराच्या दोन गोळ्या टाकल्या. ते चहा प्यायले, माझ्याशी बोलले, डबा घेऊन गेले. संध्याकाळी त्यांनीच खिसा उलटा केला तर गोळ्या तशाच. त्यांनी त्या हाताळून बघितल्या आणि म्हणाले, "या कुणी टाकल्या?" मग, "तरीच भोंगा सकाळी म्हणाला, नाकवाले, आज कपाटातून थेट कामावर का?"

भोंगा म्हणजे टाक्या धुणारे. त्यांचं बोलणं दूध थंड करायच्या यंत्राच्या आवाजातही ऐकू जातं, तू विसरला नसशील. बाबा हसले. मीही हसले. आई भाकरीकडे बघत राहिली.

मग काल मी सुट्टी टाकून डेअरीत गेले, त्यांचा डबा विसरल्याचं निमित्त काढून. (डबा मीच पिशवीतून काढून ठेवला होता. हे दुसरं वाईट काम.) रांगेच्या बाजूला खांबाशी उभी राहिले. बाबा झाकण उघडतात, वाकतात, श्वास आत घेतात, सगळं तसंच. पण दादा, पूर्वी ते डोळे मिटायचे. आता डोळे उघडे असतात आणि कॅनवर नसतात. ज्याने कॅन आणला त्याच्या तोंडावर असतात.

"काय, आज उशीर?" एवढंच विचारतात, आणि बघतात. एक दाढीवाला म्हणाला, "उशीर कुठं, वेळेवर तर आलोय," आणि त्याचा हात कॅनच्या कडीवर घट्ट झाला. बाबा म्हणाले, "परत ने." तो भांडला. मग स्वतःच वास घेऊन बघितला आणि झाकण लावून कॅन परत नेला. रांगेतलं कुणी म्हणालं, "नाकवाल्यांना फसवणं सोपं नाही राव." बाबांनी पुढचं झाकण उघडलं.

मला रडायला यायला हवं होतं, पण खरं सांगू, मी थक्क झाले. इतके महिने हा माणूस नाकाशिवाय वास ओळखतो आहे! कुणी शिकवलं असेल? कुणीच नाही. ज्यांना वाचता येत नाही ती माणसं कागद पुढे आला की समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघतात. माझ्या प्रगतिपुस्तकाच्या वेळी ते तसंच करायचे. बाई हसल्या की 'पास'. आणि नवी पुस्तकं आणली की प्रत्येक पुस्तक उघडून नाकाशी धरायचे. "वाचता येत नाही तर वास तरी घेऊ दे." मग निकाल द्यायचे, "गणित चांगलं आहे. भूगोलाला डिंक जास्त झालाय."

आता तुला एक विचारायचं आहे. तू घर सोडलंस त्या दिवशी भांडण कशावरून सुरू झालं? मी इतके दिवस धरून चालले होते की अपघातावरून. पण मी दारात होते. तू म्हणालास, "बाबा, गॅस सुरू राहिलाय, वास येत नाही का तुम्हाला?" आणि त्यानंतर ते म्हणाले, "मला शिकवतोस? आधी गाडी नीट चालव." असंच होतं ना? त्यांना हॉस्पिटलमधून येऊन आठवडाही झाला नव्हता.

मला वाटतं, तू गाडी चालवत होतास म्हणून ते चिडले नव्हते. तुझ्या लक्षात आलं म्हणून चिडले होते.

शंकासूर

बुधवार, १२ मार्च

दादा,

तुझं उत्तर नाही. टपालाला वेळ लागत असेल, असं मी स्वतःला सांगते.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे एकटीच गेले. त्यांनी विचारलं, "पेशंट कुठे आहे?" मी म्हणाले, "पेशंटला माहीत नाही की मला माहीत आहे." ते खो खो हसले आणि मग कागदावर चित्र काढून दाखवलं. नाकाच्या वर हाडाची एक चाळणी असते. तिच्या भोकांतून केसाहून बारीक धागे मेंदूकडे जातात. डोकं मागून आपटलं की मेंदू आत हलतो आणि ते धागे तुटतात. लागतं मागे, जातं पुढचं. नाकावर ओरखडासुद्धा नसतो. थोड्या लोकांना परत वास येऊ लागतो, पण इतके महिने उलटल्यावर आशा कमी. तपासणी सोपी आहे. बाटल्या हुंगायला देतात, आणि खोटं बोलणारा त्यात सापडतो. कसा, ते त्यांनी सांगितलं नाही. मला ते अजून जाणून घ्यायचं आहे.

तिथून चष्म्याच्या दुकानावर. वकीलबाईंनी सगळं ऐकलं आणि चष्मा काढला.

"तीन गोष्टी दाखवायच्या. वास गेला. अपघातामुळेच गेला. आणि गेल्यामुळे नुकसान झालं. पहिली डॉक्टर दाखवतील. दुसरीत कंपनीवाले म्हणणार, कशावरून? सर्दीनेही जातो. अपघातानंतर लगेच कुणाच्या लक्षात आलं होतं?"

मी म्हणाले, "भावाच्या."

"तो सांगेल?"

मी म्हणाले, "माहीत नाही." यावेळी न तपासता काही बोलले नाही.

"आणि तिसरी सगळ्यात अवघड. तक्त्यात वासाचे टक्के किती असतात माहिती आहे? अगदी थोडे. लोकांना वाटतं, वासावाचून काय अडतं. तुझ्या वडिलांच्या कामाला ते शंभर टक्के धरता येतील. पण कधी? काम गेलं तर. ते अजून कामावर आहेत, पगार घेतात. जोवर ते लपवतात तोवर त्यांच्या नाकाची किंमत जवळजवळ शून्य."

"आणि सांगितलं तर काम जाणार."

"त्या जागेवरचं जाईल."

म्हणजे बघ दादा, किंमत वाढायची तर आधी माणसाने स्वतःची किंमत घालवायची. मी विचारलं, लोक म्हणाले की पैशासाठी नाक गेलं, तर?

"म्हणू देत. खरं सांगून पैसे मिळाले म्हणून ते खोटं होत नाही," त्या म्हणाल्या. "पण एक लक्षात ठेव. दावा त्यांचा आहे, तुझा नाही. मी तुझ्या सांगण्यावरून त्यांचं नाक कागदावर आणणार नाही."

निघताना म्हणाल्या, एक आणखी सदर असतं. कमाईशी संबंध नसलेलं, जगण्यातली जी गोडी गेली तिचं. त्यात काय काय मांडता येईल ते आठवून ठेव. मी बसमध्ये आठवत आले. करपण्याआधीचं दूध. आईच्या डोक्याचं तेल. शेजारच्या बाळाची मान, जी हुंगून ते म्हणायचे, 'हे अजून ताजं आहे.' भूगोलाचा डिंक. एकालाही आकडा लावता आला नाही, आणि तरी कुणीतरी लावणार आहे, याचं मला नवल वाटत राहिलं.

बाबांशी अजून बोलले नाही. तोंड उघडते आणि मिठाबद्दल बोलते.

शंकासूर

रविवार, १६ मार्च

दादा,

जे व्हायला नको होतं ते झालं.

शुक्रवारी डेअरीतल्या मोठ्या टाकीचं झाकण उघडलं तर आतून फिनेलचा वास. सगळं दूध गटारात ओतावं लागलं. फिनेल डेअरीत एकाच माणसाच्या हातात असतं, फरशी धुणाऱ्याच्या. टाक्याही तेच धुतात. मॅनेजरांनी भोंग्यांना तिथल्या तिथे घरी बसवलं. सोमवारी, चोवीसला, चौकशी. सगळ्यांचं म्हणणं एकच : कॅनमधून आलं असणं शक्य नाही, कॅन नाकवाल्यांनी पास केले होते.

काल भोंगे घरी आले होते. पहिल्यांदाच त्यांचा आवाज लहान होता.

"नाकवाले, तुम्ही सांगा ना त्यांना, मी बादली कुठं ठेवतो ते. तुमचा शब्द ते मानतात."

"सांगेन," बाबा म्हणाले.

"वहिनी, बघा हं, साक्षीदार आहात. नाही सांगितलं तर रोज इथं जेवायला येईन."

आई हसली. बाबा हसले नाहीत. भोंगे गेल्यावर त्यांनी त्यांचा कप उचलला, विसळला, आणि विसळतच राहिले.

आज सकाळी बाजारात मला दोन गायींची आजी भेटली. तीच, जी तुला 'लांबुळक्या' म्हणायची. म्हणाली, "तुझ्या बापाला झालंय काय गं? माझ्या सुनेने कॅनमध्ये पाल पडली म्हणून कॅन फिनेलनं धुतला, आणि मला सांगितलंच नाही. घरी ठेवलेलं दूध तोंडाला लावलं तर थू! मी म्हटलं, नाकवाल्यानं हे घेतलं तरी कसं?"

"कुठल्या दिवशी, आजी?"

"शुक्रवारी. सर्दीनं माझं नाक चोंदलेलं, मला काय कळतंय. पण त्याला?"

मी तिथेच भाजीच्या पाट्यांमध्ये उभी राहिले. आजीला काही माहीत नव्हतं, म्हणून तिचा चेहरा स्वच्छ होता. बाबांनी चेहरा वाचला आणि तो बरोबर वाचला. दूध मात्र चेहऱ्यात नव्हतं.

आजी कुणालाही हे सांगेल, पण तिला विचारणार कोण? डेअरीत चौकशी बादलीची आहे. दावा, टक्के, सदरं हे सगळं मला काल संध्याकाळपर्यंत फार रंजक वाटत होतं. आता त्यात भोंग्यांची नोकरी येऊन बसली आहे, आणि ती कुठल्याच सदरात बसत नाही.

तू लिही. काहीही लिही.

शंकासूर

गुरुवार, २० मार्च

दादा,

तुझं पत्र काल आलं. नेहमीसारखं छापखान्यात नाही, घरच्या पत्त्यावर. तू मुद्दाम तसं केलंस का? पोस्टमनने ते बाबांच्याच हातात दिलं.

मी घरी आले तेव्हा ते दाराच्या पायरीवर बसले होते, पाकीट न फोडलेलं. मी काही बोलायच्या आत त्यांनी ते सवयीने नाकाशी नेलं, माझी पुस्तकं न्यायचे तसं. डोळे मिटले. मग पाकीट मांडीवर ठेवलं.

"काही येत नाही गं," ते म्हणाले.

मी शेजारी बसले. "कधीपासून?"

"हॉस्पिटलात तुझ्या आईनं सूप आणलं. मला वाटलं, पाणीच आहे. मग तो गॅस." पुढे म्हणाले, "तुला केव्हा कळलं? गोळ्या तूच टाकल्यास ना?"

"हो."

"वाटलंच. भोंग्यानं टाकल्या असत्या तर सगळ्या गावाला सांगितलं असतं."

मी तुझं पत्र वाचून दाखवलं. गॅसचा दिवस, तू खिडकी उघडलीस ते, आणि 'हे मी कुणापुढेही सांगायला तयार आहे' हे दोनदा वाचलं, कारण त्यांनी दोनदा वाचायला लावलं. मग मी आजीच्या कॅनचं सांगितलं. मला वाटलं होतं, ते मान खाली घालतील, पण त्यांनी तसं केलं नाही. कॅनचं झाकण बसवावं तसा हात गुडघ्यावर दाबून ठेवला.

"म्हणजे भोंग्याचा काही दोष नाही."

"नाही."

"तिचा चेहरा साफ होता गं. मी नीट बघितलं होतं."

मग त्यांनी दाव्याचं विचारलं. किती येतील, असं नाही. ठरतं कसं, असं. मी सगळं सांगितलं. शिंप्याचं बोट, शरीराचे टक्के आणि कामाचे टक्के, वयाचा हिशोब, हाडाची चाळणी. ते फार लक्ष देऊन ऐकत होते. मध्येच म्हणाले, "मग पहारेकऱ्याचं नाक गेलं तर स्वस्त, आणि माझं महाग?" आणि आतून आईचा आवाज आला, "तुमचं नाक आधीपासून महागच होतं." नऊ महिन्यांत आमच्या घरात कुणी इतकं हसलं नव्हतं.

मी म्हटलं, काम जाईल. ते म्हणाले, "माहीत आहे. दुसरं काही देतील. कॅन उचलायला द्यायचा असला तर उचलीन." मी म्हटलं, लोक म्हणतील पैशासाठी. ते म्हणाले, "म्हणून आधी डेअरीत सांगायचं. वकिलीणबाईंकडे नंतर." तडजोडीच्या कागदावर सही करायची नाही, हेही त्यांनीच सांगितलं. न तपासता लिहिण्याची चूक पुन्हा नको म्हणून मी प्रत्येक वाक्य त्यांना विचारून घेतलं.

मग म्हणाले, "दाव्यात एक लिही. पोरगा गॅसचं बोलला ते बरोबर बोलला होता, मीच चुकीचा ओरडलो."

"बाबा, ते दाव्यात बसत नाही. दावा लावतात तो नुकसानाचा."

"मग हे काय आहे?"

वकीलबाईंना विचारीन. तोवर ते म्हणाले, "मग त्याच्या पत्रात लिही." म्हणून इथे लिहिते, त्यांचे शब्द, मी काही दुरुस्त न करता : तू बरोबर बोललास, मीच चुकीचा ओरडलो.

आता पुढचं. बाबांनी सांगेन म्हटलं आहे, पण माणूस आयत्या वेळी अडतो, हे मी मिठाच्या गोष्टीवरून जाणते. चौकशी डेअरीत मॅनेजरांच्या खोलीत आहे. आजीला मी बरोबर नेणार आहे, ती यायला तयार आहे, तिला भांडायलाच मिळतंय म्हणून. बाबा बोलतील. ते अडले तर मी त्यांच्याकडे बघेन, आणि तरी अडले तर त्यांची परवानगी मी आजच घेऊन ठेवली आहे. मग मी बोलेन.

तू यावंस असं मी लिहीत नाही. वेळ फक्त कळवते. सोमवार, चोवीस मार्च, सकाळी दहा.

तुझी,
शंकासूर